फुफ्फुस-प्रत्यारोपणानंतरच्या रक्ततपासणीची सोय बेळगावात व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३ ऑगस्टला, म्हणजे भारतीय अवयवदान दिनाच्या आगेमागे, आपल्या दैनिकात अवयवदानाच्या बातम्या आवर्जून छापून येतात. रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता, चौकाचौकांत उभे असलेले पोलीस आणि दात्याच्या नातेवाइकांचे मोठे मन, हे वाचताना कोणाचाही ऊर भरून येतो. अशा बातम्यांमुळेच चार घरांत या विषयाची चर्चा निघते, हेही खरे आहे. परंतु पेटी पोचली, शस्त्रक्रिया झाली, रुग्ण हसतमुखाने घरी गेला, की बातमी संपते. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत खरी काळजी तिथून पुढे सुरू झाली. हे पत्र त्या पुढच्या भागाविषयी आहे.

मी बेळगावात बत्तीस वर्षे रक्त तपासण्याचे काम केले, त्यातली शेवटची अकरा वर्षे रक्तपेढीत काढली, आणि आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढील मजकूर कोणी औषधोपचाराचा सल्ला म्हणून वाचू नये. अक्का खानापूर तालुक्यातली. तिची फुफ्फुसे हळूहळू कडक होत जाऊन, म्हणजे फायब्रोसिस होऊन, निकामी झाली होती, आणि तीन वर्षांपूर्वी परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात तिच्यावर दोन्ही फुफ्फुसांचे प्रत्यारोपण झाले. त्याआधी अकरा महिने ती प्रतीक्षायादीत होती. यादीतल्या माणसाला बोलावणे येताच काही तासांत पोचता आले पाहिजे, म्हणून शेवटचे सात महिने आम्ही रुग्णालयाजवळ एक खोली भाड्याने घेऊन राहिलो. त्याआधी खानापुरात लाइट गेली, की ऑक्सिजनचे यंत्र बंद पडायचे आणि मोठ्या सिलिंडरची चावी फिरवायला भाचा पायऱ्या उतरून धावायचा. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

तिला इतके थांबावे लागले याचे कारण तिच्या रक्तात होते. आपल्या जवळजवळ सर्व पेशींवर एचएलए नावाची ओळखखूण असते आणि ती माणसागणिक वेगळी असते. परक्या खुणेशी एकदा संबंध आला, की शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करून ठेवू शकते. असा संबंध प्रामुख्याने तीन वाटांनी येतो: गरोदरपण, रक्त चढवणे आणि आधीचे प्रत्यारोपण. पोटातल्या बाळात निम्म्या खुणा बापाच्या असतात, त्यामुळे ज्या बाईची बाळंतपणे जास्त, तिच्या रक्तात अशी प्रतिपिंडे सापडण्याची शक्यताही जास्त. अक्काची चार बाळंतपणे झाली, तिसऱ्या वेळी अतोनात रक्तस्राव होऊन दोन बाटल्या रक्त चढवावे लागले, आणि पुढे पंडुरोगासाठी म्हणून आणखी एकदा. परिणाम असा झाला, की एरवी चालू शकले असते अशा दात्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची फुफ्फुसे तिच्यासाठी आधीच बाद ठरली. मुले जन्माला घालण्याची ही किंमत बायकांना प्रतीक्षायादीत मोजावी लागते, हे मला इतकी वर्षे रक्तपेढीत राहूनही इतके जवळून कळले नव्हते.

प्रतिपिंडे असताना तसाच अवयव बसवला तर काय होते, याचा धडा मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाने पूर्वीच दिलेला आहे. १९६९ साली अमेरिकेतील पटेल आणि तेरासाकी या दोघांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्तद्रव एकत्र करून पाहावे. पेशी मेल्या तर प्रत्यारोपण करू नये. त्यांच्या नोंदींत ही चाचणी दोषी निघूनही प्रत्यारोपण झालेल्या ३० रुग्णांपैकी २४ जणांचे मूत्रपिंड लगेच निकामी झाले होते, तर चाचणी निर्दोष असलेल्या १९५ पैकी फक्त ८ जणांचे. यालाच आम्ही क्रॉसमॅच म्हणतो. रक्ताची बाटली देण्यापूर्वी रक्तपेढीत जी जुळणी करतात तिचे हे थोरले भावंड म्हणता येईल. मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी माणसात पहिले फुफ्फुस बसवले ते १९६३ साली, आणि तो रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश टोरांटोच्या जोएल कूपर यांना १९८३ मध्ये मिळाले. मधली वीस वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना यावरून यावी.

फुफ्फुसाच्या बाबतीत अडचण अशी, की दात्याच्या शरीराबाहेर काढलेले फुफ्फुस नेहमीच्या बर्फाच्या पेटीत साधारण सहा ते आठ तासच ठेवता येते, आणि दूरच्या गावातून ते येत असताना दात्याच्या पेशी हाती घेऊन चाचणी लावत बसायला वेळ नसतो. म्हणून आता रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडे कोणकोणत्या खुणांविरुद्ध आहेत हे आधीच तपासून ठेवतात. त्यासाठी सूक्ष्म मणी वापरतात. प्रत्येक मण्यावर एकच खूण बसवलेली असते आणि ज्या मण्याला प्रतिपिंड चिकटते तो यंत्रात चमकतो. दात्याची एचएलए तपासणी हाती आली, की दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून कागदावरच निर्णय करतात. याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. मात्र ही पद्धत रुग्णाच्या ताज्या नमुन्यावर अवलंबून असते. मध्यंतरी रुग्णाला रक्त चढवले गेले आणि ते रुग्णालयाला कळवलेच नाही, तर कागदावरची यादी खोटी ठरते. प्रतीक्षायादीतल्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी: रक्त चढवले, की त्याच दिवशी फोन करायचा.

प्रतिबंधाची सुरुवात याहूनही अलीकडे, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत होऊ शकते. अशक्तपणा वाटतोय, एक बाटली लावून टाका, असे सांगण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही, आणि रुग्णालाही बाटली लावली म्हणजे उपचार झाला असे वाटते. ज्याला पुढे अवयवाची गरज पडू शकते, म्हणजे फुफ्फुसांचा फायब्रोसिस, मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा हृदयाचा थकवा असलेला रुग्ण, त्याचा पंडुरोग लोहाच्या गोळ्यांनी किंवा शिरेतून लोह देऊन भरून निघत असेल, तर रक्त टाळावे. द्यावेच लागले, तर पांढऱ्या पेशी गाळून काढलेले रक्त द्यावे, कारण एचएलएच्या परक्या खुणा प्रामुख्याने त्या पेशींवर असतात. गाळणी लावल्याने धोका नाहीसा होत नाही, पण कमी होतो. मी रक्तपेढीत असताना गाळलेल्या रक्ताची मागणी थॅलॅसेमियाच्या मुलांखेरीज क्वचितच यायची, आणि ती का येत नाही, असे मीही कोणाला विचारले नाही.

आधीच प्रतिपिंडे असलेल्या रुग्णांसाठी टोरांटोच्या केंद्राने शस्त्रक्रियेच्या आसपासच रक्तद्रव बदलणे, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देणे आणि प्रतिकारपेशी कमी करणारे औषध वापरणे अशी पद्धत बसवली आणि तिचे चांगले अनुभव प्रसिद्ध केले. अक्काला त्याची गरज पडली नाही. तिची प्रतिपिंडे ज्या खुणांविरुद्ध होती त्यांपैकी एकही नसलेला दाता अखेर मिळाला, आणि आम्ही सुटलो असे समजलो.

प्रत्यारोपणानंतर नव्या अवयवाविरुद्ध नवी प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, हे आम्हाला सांगितले होते, पण आनंदात ते कानाआड गेले. बहुतेकदा ती पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच उगवतात, आणि फुफ्फुसाच्या रुग्णांत डीक्यू नावाच्या खुणेविरुद्धची सर्वांत जास्त आढळतात. फुफ्फुस हा अवयव श्वासागणिक बाहेरच्या हवेशी, धुळीशी आणि विषाणूंशी थेट भिडतो, म्हणून त्याच्या आत प्रतिकारशक्ती सतत जागी असते, आणि म्हणूनच मूत्रपिंडापेक्षा फुफ्फुस टिकवणे अवघड जाते. जगभरच्या नोंदींनुसार फुफ्फुस-प्रत्यारोपण झालेल्या प्रौढांपैकी निम्मे रुग्ण सुमारे सहा ते सात वर्षांहून अधिक जगतात. ती वर्षे कमी करणारे मुख्य कारण म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसत जाणारे जुनाट रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणे, आणि त्याच्या मुळाशी अनेकदा ही प्रतिपिंडे असतात.

ती उगवू नयेत यासाठी रुग्णाच्या हाती असलेला उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे औषधांची वेळ. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी त्रयी जन्मभर घ्यायची असते. त्यांतल्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी जरा खाली गेली तर शरीर जागे होते आणि जरा वर गेली तर मूत्रपिंडे बिघडतात. ही पातळी अनेक गोष्टींनी हलते. छातीच्या बुरशीवर देतात ते व्होरिकोनॅझोल आणि खोकल्यावर सर्रास लिहून दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन तिला वर नेतात. क्षयरोगाच्या सरकारी उपचारात असलेले रिफाम्पिसिन तिला इतके खाली आणते, की काही दिवसांत अवयव धोक्यात येऊ शकतो. आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मीळ नाही, तेव्हा प्रत्यारोपण झालेल्या माणसाला क्षयाचे औषध सुरू करण्यापूर्वी त्याच्या मूळ रुग्णालयाला विचारल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा देऊ नये. घरगुती गोष्टींत पपनस हे फळ बाधते. गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून लोक प्रेमाने आणून देतात, आणि या रुग्णाला नेमकी तीच वाढायला नको असते. आमच्या शेजारच्या काकूंनी तीन वेळा काढा आणला आणि तिन्ही वेळा अक्काने तो गोड बोलून परसातल्या अळवाला घातला.

पातळी मोजण्याच्या बाबतीत घडलेला एक प्रकार माझ्या व्यवसायबंधूंसाठी मुद्दाम लिहितो. टॅक्रोलिमस हे रक्तद्रवात फारसे नसते, ते तांबड्या पेशींत बसलेले असते. त्यामुळे त्याचा नमुना जांभळ्या टोपणाच्या नळीत, न फिरवता, अखंड रक्त म्हणून पाठवायचा असतो. प्रतिपिंडांची तपासणी याच्या उलट: त्यासाठी लाल टोपणाच्या नळीतले रक्त गोठू द्यायचे, फिरवायचे आणि वरचे पाणी वेगळे करून थंड ठेवायचे. गेल्या वर्षी एका नमुना-संकलन केंद्रातल्या नवख्या मुलाने दोन्ही नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये घातल्या आणि दोन्हींतले वरचे पाणी काढून पाठवले. टॅक्रोलिमसचा अहवाल आला तो जवळजवळ शून्य. तिकडच्या डॉक्टरांनी फोनवर गोळी दुप्पट करायला सांगितली. अक्का एकही वेळ चुकवत नाही हे मला माहीत असल्याने मी केंद्रात जाऊन नळीची चौकशी केली आणि प्रकार उघडकीला आला. मुलाचा दोष मी फार मानत नाही, कारण त्याला हे कोणी शिकवलेच नव्हते. पण ज्या घरात प्रयोगशाळेतला माणूस नाही, त्या घरातल्या रुग्णाने दुप्पट गोळी घेतली असती.

आता हे पत्र लिहायला लावणाऱ्या घटनेकडे वळतो. अक्काच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटे फुंकण्याचे यंत्र असते. रोज सकाळी ती त्यात फुंकते आणि एका सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा लिटरमधला आकडा नातीच्या जुन्या वहीत लिहिते. ती वही माझ्यासमोर आहे. आषाढाच्या सुरुवातीला १.८६, १.८४, १.८५ असे आकडे आहेत. मग १.७९, १.७१, आणि एका रविवारी १.६४. नेहमीच्या आकड्यात दहा टक्क्यांची घट झाली की ताबडतोब कळवावे, असे तिला सांगितलेले होते, आणि १.६४ म्हणजे ती मर्यादा ओलांडली गेली होती. तरी तिने दोन दिवस वाट पाहिली, कारण खानापुरात संततधार होती आणि घरात सगळ्यांनाच खोकला होता. जवळच्या डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले, आठवडा त्यात गेला. परगावच्या रुग्णालयाने प्रतिपिंडांची तपासणी करून पाठवा असे सांगितले, ती बेळगावात होत नव्हती, एक नमुना वाटेत गरम होऊन वाया गेला, आणि दुसऱ्याचा अहवाल येईपर्यंत एकूण एकोणीस दिवस लोटले होते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या खालच्या बर्थवर तिला निजवून नेताना वहीत शेवटचा आकडा १.३१ होता.

तिथे त्यांनी दुर्बीण घालून फुफ्फुसाचे बारीक तुकडे काढले आणि जंतुसंसर्ग नाही हे आधी पाहिले. प्रतिपिंडांनी केलेले रिजेक्शन ओळखणे मूत्रपिंडात जितके सोपे तितके फुफ्फुसात नाही. प्रतिपिंड पेशीला चिकटले, की तिथे सी-४-डी नावाचा अवशेष राहतो, त्याला रंग देऊन तो पाहता येतो. पण फुफ्फुसाच्या तुकड्यात तो पुष्कळदा दिसतच नाही, रोग असूनही. म्हणून हृदय आणि फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये जी व्याख्या ठरवली, तीत एका चाचणीवर भिस्त ठेवलेली नाही. फुफ्फुसाचे काम घटले आहे का, दात्याच्या खुणांविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात आहेत का, तुकड्यात ऊतीची तशी इजा दिसते का, सी-४-डी आहे का, आणि दुसरे कारण वगळले गेले का, हे सर्व मिळून पाहायचे आणि त्यावरून खात्रीचे, संभाव्य की शक्य असे ठरवायचे. अक्काच्या तुकड्यात सी-४-डी नव्हता, पण डीक्यूविरुद्धची प्रतिपिंडे जोरात होती. निदान ‘संभाव्य’ असे लिहिले गेले, आणि उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाले.

पहिला उपाय प्लाझ्माफेरेसिस. रक्त यंत्रातून फिरवून त्यातले रक्तद्रव, आणि त्याबरोबर प्रतिपिंडे, काढून टाकतात आणि त्याजागी अल्ब्युमिन किंवा दात्यांचे रक्तद्रव भरतात. मी आयुष्यभर ते पिवळसर पाणी नळ्यांत पाहिले. जोंधळ्याच्या वाळल्या ताटासारखा त्याचा रंग असतो. यंत्राच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत तेच पाणी दोन-अडीच लिटर भरलेले आणि पलीकडे आपली बहीण पांघरूण घेऊन थंडीने कुडकुडते आहे, हे दृश्य मात्र मी पाहिलेले नव्हते. एका बैठकीत काम भागत नाही, कारण या जातीची निम्म्याहून अधिक प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या बाहेर, ऊतींत मुरलेली असतात आणि दोन बैठकांच्या मधल्या वेळात ती पुन्हा रक्तात उतरतात. म्हणून तिला एक दिवसाआड पाच बैठका झाल्या. नंतर इम्युनोग्लोब्युलिन दिले, जे हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते. त्यानंतर रिटुक्सिमॅब. यांचा क्रम महत्त्वाचा असतो, कारण आधी औषध देऊन नंतर रक्तद्रव काढले तर औषधही पिशवीत जाते.

रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीला, म्हणजे बी पेशींना, मारते. प्रत्यक्ष कारखाना चालवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर त्याचा परिणाम होत नाही. त्या पेशींसाठी मायलोमा या कर्करोगावरची बोर्टेझोमिब, कार्फिल्झोमिब ही औषधे वापरली जातात. प्रतिपिंडे चिकटल्यानंतर होणारा पुढचा घात थांबवण्यासाठी एकुलिझुमॅब आहे, आणि ते देण्यापूर्वी मेंदूज्वराची लस टोचावी लागते. नावे मी कौतुकाने सांगत नाही. फुफ्फुसातल्या या रिजेक्शनवर यांतले कोणतेही औषध, रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडून केलेल्या मोठ्या चाचण्यांत निर्विवाद सिद्ध झालेले नाही. प्रत्येक केंद्र आपल्या अनुभवावर मिश्रण ठरवते, आणि प्रतिकारशक्ती आणखी दाबली गेल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ज्या डॉक्टरांनी आम्हाला हे समोर बसवून, काही न लपवता सांगितले, त्यांच्यावर माझा विश्वास अधिक बसला. अक्काची प्रतिपिंडे पुष्कळ उतरली आणि वहीतला आकडा १.५२ पर्यंत परत आला. १.८६ पुन्हा दिसला नाही. त्या एकोणीस दिवसांतले किती दिवस वाचवता आले असते, हा हिशेब मी रोज करतो.

हा हिशेब सीमाभागाचाही आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने अवयवासाठी नाव नोंदवतानाची रहिवासाची अट काढून टाकायला सांगितल्यापासून आपल्याकडचा रुग्ण बंगळुरू, मुंबई, पुणे, चेन्नई यांपैकी कुठेही नाव नोंदवू शकतो, आणि ही चांगलीच गोष्ट झाली. पण बंगळुरू इथून सुमारे पाचशे किलोमीटर, मुंबईही जवळपास तितकीच. खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या तालुक्यांतला कोणी ऊसतोडीच्या हंगामात पाचटाच्या धुरात खोकू लागला, तर ते धुराने झाले की रिजेक्शनने, हे ठरवायला त्याने रात्रभर गाडीत बसायचे का? शस्त्रक्रिया आयुष्यात एकदा होते, पण ही तपासणी वर्षातून अनेक वेळा लागते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, त्यावरून दोन्ही राज्यांत वाद झाला, आणि आपण सर्वांनी तो वाद हिरिरीने केला. कोणत्या योजनेत कोणता आजार बसतो हे सांगायला दोन्हीकडे माणसे आहेत. प्रतिपिंडांची तपासणी आणि प्लाझ्माफेरेसिस कोणत्या योजनेतून होईल, असे मी दोन्हीकडच्या कार्यालयांत विचारले, तेव्हा दोन्हीकडे मला शस्त्रक्रियेच्या पॅकेजचा कागद दाखवण्यात आला. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत मदत देण्याची तरतूद राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात आहे, हे तिथे बसलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

भाषेचा वाद मला इथे आणायचा नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. अक्काला घरी पाठवताना दिलेली सूचनापत्रिका इंग्रजीत होती. ‘सकाळच्या गोळीआधी रक्त द्यावे’ या वाक्याचा अर्थ तिच्या सुनेने ‘रक्त दिले नाही तर सकाळची गोळी घेऊ नये’ असा लावला आणि एका सोमवारी प्रयोगशाळा बंद होती म्हणून गोळी संध्याकाळपर्यंत राहिली. सून बी.ए. झालेली आहे. अशी पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये असावी, ठळक अक्षरांत असावी, आणि तिच्यावर आधीची बाळंतपणे, चढवलेले रक्त, दात्याच्या बाद खुणा आणि मूळ रुग्णालयाचा फोन लिहायला जागा असावी. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांनाही अंधारात तीर मारावा लागणार नाही.

बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, मोठी रुग्णालये आहेत, रक्तपेढ्या आहेत. मण्यांचे ते महागडे यंत्र इथे बसवा, अशी माझी मागणी नाही, कारण मूठभर रुग्णांसाठी ते परवडणारे नाही. शिवाय प्रतिपिंडांचा आकडा एका प्रयोगशाळेतून दुसरीत बदलतो, म्हणून एका रुग्णाची तपासणी शक्यतो एकाच जागी होणे श्रेयस्कर असते. मागणी एवढीच आहे, की शहरात एक ठरलेली जागा असावी, तिथे सकाळी सातला, म्हणजे रुग्णाची गोळी घेण्याची वेळ होण्याआधी, रक्त घेणारा शिकलेला माणूस असावा, जांभळी नळी आणि लाल नळी यांचे वेगवेगळे नियम भिंतीवर लिहिलेले असावेत, नमुना त्याच दिवशी थंड पेटीतून रुग्णाच्या मूळ केंद्राकडे जावा, आणि फुंकण्याच्या तपासणीचा आकडा त्याच वेळी कळवला जावा. हे काम एखाद्या रक्तपेढीने आपल्या चालू व्यवस्थेत मनावर घेतले तर पार पडू शकेल. त्यासाठी कोणत्याही राज्याच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाची वाट पाहावी लागेल, असे मला वाटत नाही.

कोणी अशी जागा सुरू करणार असेल, तर आठवड्यातून तीन दिवस सकाळी येऊन नमुने घ्यायला आणि नव्या मुलांना शिकवायला मी विनामोबदला तयार आहे. अक्काचा पुढचा नमुना दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी आहे, आणि तोपर्यंत तरी तो मीच, माझ्या घरच्या टेबलावर घेऊन, बर्फाच्या पेटीत घालून पाठवीन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
शहापूर, बेळगाव.
(कृपया नाव छापू नये. पत्ता संपादकांकडे दिला आहे.)